एका रेशनकार्डावरची तीन कुटुंबं

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, आम्ही सातारा जिल्ह्यातले. माझा मोठा भाऊ पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेला, वय ४१. वीसेक गुंठे शेती त्याच्या नावावर, बाकी सेंट्रिंगच्या कामाला जायचा. मागे वहिनी ३६ वर्षांची, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, आणि आमची आई ६७ ची. मी पुण्यात कंपनीत, पगार २२ हजार, सहा वर्षं झाली बायको घेऊन इकडेच राहतो पण रेशनकार्ड अजून सगळ्यांचं एकच, केशरी. वहिनीला लाडकी बहीणचे पैसे येतात. आता कोण म्हणतं विधवा म्हणून निराधारचे पण वेगळे मिळतील, कोण म्हणतं तुझ्या नावावर ओमनी आहे म्हणून आहेत ते पण बंद होतील. तहसीलच्या बाहेर एक जण ३ हजारात दोन्ही चालू करून देतो म्हणतोय, वर आईचं श्रावणबाळ पण. देऊ का? आम्ही पात्र आहोत का नाही तेच कळेना."

भाऊ, पहिल्यांदा ते ३ हजार खिशातच ठेवा. तो माणूस जे विकतोय ते मिळतच नाही. लाडकी बहीणच्या नियमातच लिहिलंय की ज्या बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त मिळतात ती यात बसत नाही, आणि संजय गांधी निराधारचे २०२३ पासून बरोबर १५०० च आहेत. म्हणजे दोन्हीपैकी एकच. काही जणींना सुरुवातीला दोन्हीकडचे आले हे खरंय, पण आता दोन्हीकडचे पैसे आधारवरून जातात, नाव एका ठिकाणी दिसलं की दुसरीकडे कटतं, वर वसुलीची नोटीस निघाली तर तो तहसीलबाहेरचा भाऊ फोन उचलणार नाही.

मी नऊ वर्षं तालुक्याच्या गावी दाखले काढून द्यायचं केंद्र चालवलंय, आणि तुमच्यासारखे लोक काउंटरला आले की पहिला प्रश्न हाच असायचा, आम्ही पात्र आहे का. याला उत्तरच नसतं हो. कशाला पात्र, कोणाच्या नावाने, आणि त्या योजनेत कुटुंब म्हणजे कोण, हे तिन्ही सांगितल्याशिवाय हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. तुमचा सगळा घोळ या 'कुटुंब' शब्दाचाच आहे. रेशनकार्डावर तुम्ही सगळे एक कुटुंब. लाडकी बहीणला कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं, एवढंच. तिथे वहिनीचं कुटुंब म्हणजे ती आणि तिची दोन पोरं, दीर त्यात येतच नाही, त्यामुळे तुमची ओमनी तिच्या आड यायला नको आणि तुमचा पगारही नको.

नको म्हणतेय, येणार नाही असं म्हणत नाहीये. कारण पडताळणी करणारा माणूस समोर ठेवलेलं रेशनकार्ड बघतो. तुमचे २२ हजार गुणिले १२ म्हणजे २ लाख ६४ हजार, आणि लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख. एका कार्डावर तुमचं नाव, तुमचा पगार, तुमची गाडी आणि वहिनी असं सगळं दिसलं की विनाकारण प्रश्न उठणार, मग ती बिचारी अंगणवाडी ते तहसील फेऱ्या मारत बसणार. तेव्हा हे काम तुम्ही स्वतः, सुट्टी काढून करा: गावाकडच्या कार्डातून तुमचं आणि बायकोचं नाव कमी करा, नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि पुण्यात वेगळं कार्ड काढा. यात लबाडी काही नाही, सहा वर्षं तुमची चूल वेगळी आहे, कागद आत्ता खरा होतोय इतकंच. त्याच फेरीत भावाचं नावही मृत्यूचा दाखला जोडून कमी करून घ्या, आणि राहिलेल्या चौघांचं धान्य चालू आहे ना ते बघा. प्राधान्य कुटुंबात असाल तर माणशी ५ किलोप्रमाणे २० किलो फुकट मिळायला हवं. नसाल तर गावाकडे त्यासाठी वर्षाला ४४ हजारांची मर्यादा आहे, तुमचं नाव निघाल्यावर अर्ज करायला हरकत नाही. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळणारच असं नसतं, केशरीत पण धान्य मिळणारे आणि न मिळणारे असे दोन प्रकार आहेत, दुकानदाराला सरळ विचारा.

आता लाडकी बहीण का निराधार. रक्कम तीच, मग माझं मत साधं आहे, आहे ते चालू ठेवा. लाडकी बहीणचे नवीन अर्ज ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाले, म्हणजे एकदा वहिनी त्यातून बाहेर पडली तर परत आत यायला दार नाही. आणि निराधारची अट बघा, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजार. महिन्याला १७५० झाले. एक बाई दोन लेकरं घेऊन महिन्याला १७५० रुपयांत राहतेय असा दाखला द्यायचा, तेव्हा सरकार तिला १५०० देणार. दुसऱ्याच्या रानात महिन्यातून आठ दिवस भांगलायला गेली तरी ही मर्यादा जवळपास संपते. रक्कम ६०० ची १००० झाली, १००० ची १५०० झाली, ही अट मात्र आहे तिथेच, आणि म्हणूनच गावागावात खोटे दाखले निघतात आणि ते एजंट जगतात, असं मला वाटतं, असो. बीपीएल यादीत नाव असेल तर उत्पन्नाची ही भानगड टळते, पण तीही यादी २००२ च्या सर्व्हेची. आणि केशरी काय किंवा पिवळं काय, रेशनकार्डाचा रंग म्हणजे बीपीएल यादी नव्हे, हा गैरसमज तर घरोघरी आहे. यादीतलं नाव ग्रामपंचायतीत मिळतं, ते एकदा बघून ठेवा, पुढे लागणार आहे, सांगते.

लाडकी बहीणचं एक तपासा, वहिनीची ई-केवायसी नीट झालीय का. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागतात आणि नवरा गेलेल्या बायका तिथेच अडकल्या होत्या, मग मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची असं ठरलं. वहिनीच्या बाबतीत हे राहिलं असेल तर आधी हे. आणि काही कारणाने तिचं लाडकी बहीण बंद झालंच, तर मग निराधारचा अर्ज करा, तो ६५ च्या आतल्या विधवांसाठी आहेच. पैसे थांबले की थेट तहसीलला संजय गांधी शाखेत जायचं, मध्ये कोणी नको.

पण खरं सांगू का, तुमच्या पत्रात तुम्ही ज्या दीड हजारासाठी एवढे घायकुतीला आलात ती यातली सगळ्यात लहान गोष्ट आहे. मोठ्या गोष्टी तुम्ही विचारल्याच नाहीत, कारण त्या कोणी सांगत नाही.

आज संध्याकाळीच वहिनीला फोन करून भावाचं बँक पासबुक काढायला सांगा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापले गेलेले दिसतात का? दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख. हार्ट अटॅक त्यात बसतो. बँकेत खातं उघडताना नाहीतर कर्जाच्या वेळी दहा ठिकाणी सह्या घेतात त्यात हा फॉर्म भरला जातो आणि माणसाला स्वतःलाच माहीत नसतं, घरच्यांना कुठून असणार. माझ्याकडे एक बाई निराधारचा फॉर्म भरायला आलेल्या, झेरॉक्ससाठी पासबुक दिलं, मीच सहज पान उलटलं तर ४३६ ची ओळ. त्यांच्या हातात २ लाखांचा कागद होता आणि त्या ६० रुपयांसाठी माझ्याशी घासाघीस करत होत्या. २० रुपयांची नोंद दिसली तर ती वेगळी, ती अपघाताची, तुमच्या कामाची नाही. क्लेम ३० दिवसांत करायला सांगतात, तुमचे पाच महिने गेलेत, तरीही बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या, तोंडी 'आता नाही होत' ऐकून परत येऊ नका. भावाची एकापेक्षा जास्त खाती असतील तर सगळी पासबुकं बघा.

दुसरं. तुमचा दादा सेंट्रिंगला जायचा म्हणता. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी होती का? तुम्हाला माहीत नसेल तर वहिनीला असं विचारा की घरात मंडळाकडून भांड्यांचा संच आला होता का, ती ताटं-वाट्या-कुकर-पातेली खोक्यातून वाटायचे ती. आली असतील तर नोंदणी होती. आणि नोंदणी मृत्यूच्या वेळी जिवंत असेल, म्हणजे दरवर्षीचं नूतनीकरण झालेलं असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नैसर्गिक मृत्यूला वारसाला २ लाख, शिवाय विधवा पत्नीला वर्षाला २४ हजार असे पाच वर्षं. कार्ड सापडलं की त्यावरची तारीख पहिल्यांदा बघायची. तारीख संपलेली असली तर अवघड आहे, खोटी आशा लावत नाही.

तिसरं, आणि हे जवळजवळ नक्की होण्यासारखं. बाल संगोपन योजना, क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची. आई किंवा वडील गेलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिन्याला २२५०, एका मुलाला. दोन पोरांचे ४५००. वहिनीच्या दीड हजारासाठी सगळा गाव सल्ले देतोय आणि पोरांचे साडेचार हजार कोणी काढले नाहीत. हे वहिनीचं नसून मुलांचं असल्यामुळे लाडकी बहीणशी याची टक्कर पण होत नाही. हे तहसीलला मिळत नाही, साताऱ्याला जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसला जायचं, अर्ज, वडिलांचा मृत्यूचा दाखला, मुलांचे आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि मुलांचा आईबरोबर घरासमोर उभं राहून काढलेला फोटो, हो घरासमोरच, स्टुडिओतला चालत नाही. मग घरी चौकशीला माणूस येतो आणि बालकल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं. समिती म्हटल्यावर वहिनी घाबरतील, पोरं काढून घेतील की काय असं माझ्याकडे आलेल्या दोन-तीन जणींना खरंच वाटलं होतं, तसं काही नसतं, पोरं आईकडेच राहतात, फक्त आदेश समिती काढते. आणि पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील असं धरून शाळेचं काही ठरवू नका, कधी सहा महिने काही नाही आणि मग एकदम येतात. तिथेच मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वाचंही विचारा, त्यात मुलामागे ४००० आहेत, गावाकडे ७२ हजार वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, मात्र एका मुलाला दोन्हीतलं एकच आणि जागा कमी, त्यामुळे मिळेल ते घ्यायचं.

चौथं, राष्ट्रीय कुटुंब लाभ. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर एकदाच २० हजार, पण कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं पाहिजे. मघाशी ती बीपीएल यादी बघून ठेवा म्हटलं ते यासाठी. नाव निघालं तर तहसीलला अर्ज, नाही निघालं तर त्यामागे दिवस घालवू नका.

आता शेती, कारण इथे एक गंमत आहे जी बऱ्याच घरांना उशिरा कळते. वीस गुंठे भावाच्या नावावर होती, तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद करा. वारस म्हणून वहिनी, दोन्ही मुलं आणि आई लागतात, तुमचं नाव लागत नाही, तेव्हा तो विषय मनात असेल तर काढून टाका. फेरफार मंजूर झाला की पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि नमो शेतकरीचे ६ हजार यासाठी नवीन वारसाने नाव नोंदवायचं. सगळे म्हणतील वहिनीच्या नावाने करा. थांबा. वहिनीला ते १२ हजार सुरू झाले की लाडकी बहीणचे महिन्याला १५०० चे ५०० होतात. वर्षाला १८ हजार होते, आता १२ अधिक ६, परत १८ च. कागद रंगवून हातात शून्य. तेच आईच्या नावाने अर्ज केला तर, पीएम किसानमध्येही कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं, आई सातबाऱ्यावर स्वतः वारस म्हणून आहे आणि तिचं कुटुंब वेगळं, तेव्हा आईला १२ हजार आणि वहिनीचे १८ हजार जागेवर. एकाच घरात वर्षाला १२ हजारांचा फरक आणि पूर्ण नियमात. भावाला आधीपासून पीएम किसान येत असेल तर ते मात्र मृत्यूची माहिती देऊन बंद करा, त्याच्या खात्यात हप्ते पडतायत म्हणून गप्प बसू नका, ते परत मागतात.

आईच्या श्रावणबाळचं काय ते स्पष्टच सांगते. ६५ च्या पुढच्यांना १५०० मिळतात, अट परत तीच २१ हजारांची, आणि चौकशीत मुलगा काय करतो हे विचारतातच. तुम्ही कमावता मुलगा आहात. अर्ज करायचा तर मुलगा पुण्यात आहे, एवढा पगार आहे, आईला महिन्याला इतके पाठवतो हे सगळं लिहून करा आणि काय निर्णय लागेल तो लागू द्या, माझ्या अंदाजाने नामंजूर होईल. तो ३ हजारवाला काय करेल माहितीये? तुम्हालाच फॉर्मवरून गायब करेल. असे फॉर्म मी बघितलेत, अर्जाच्या लाइनीत आईला धरून उभा असलेला धडधाकट मुलगा आणि फॉर्मवर 'अपत्य नाही'. आईला त्यावर अंगठा करायला लावणार आहात का? त्यापेक्षा महिन्याला तुम्हीच तिला पाठवा, पाठवत असाल तर थोडे वाढवा. आणि वयोश्रीचे एकदाचे ३ हजार असतात, ६५ च्या वरच्यांना चष्मा, काठी, गुडघ्याचा पट्टा असल्या गोष्टींसाठी, उत्पन्नाची मर्यादा २ लाख, ते समाजकल्याणच्या ऑफिसात विचारा.

बँकेचं एक राहिलं. आधार लिंक आहे म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. सरकारी पैसे आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं तिथे जातात. वहिनीने मधे कुठे बचत गटासाठी किंवा गॅसच्या सबसिडीसाठी नवीन खातं काढलं असेल आणि तिथे आधार दिला असेल तर पैसे तिकडे पडत असतील आणि ती जुन्या पासबुकावर एन्ट्री मारत बसेल. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, तुम्ही पुण्यातून करू शकता, फक्त ओटीपी वहिनीच्या फोनवर जाईल. मुलांची खाती पण आत्ताच काढून आधार जोडून ठेवा, बाल संगोपनला लागतील.

उत्पन्नाचा दाखला सेतूतून किंवा आपले सरकारवरून काढायचा, लोकसेवा हक्क कायद्यात त्याला १५ दिवसांची मुदत आहे, पावती जपून ठेवा, मुदत उलटली तर त्याच पावतीवर अपील करता येतं आणि अपील करतो असं नुसतं नम्रपणे म्हटलं तरी बरेचदा दाखला निघतो, हा माझा अनुभव. दाखल्यात वहिनीचं खरं उत्पन्न लिहा, मजुरीचं, शेतीचं, सगळं. साठ हजार निघालं तर साठ लिहा. वर सांगितलेल्यातल्या मोठ्या गोष्टींना, विम्याला, बांधकाम मंडळाला, लाडकी बहीणला, साठ हजाराने काही अडत नाही. वात्सल्यच्या ७२ मध्ये पण बसतं. अडतं ते निराधारला, ते आपण तसंही सोडलंय, आणि रेशनच्या ४४ हजारांना, तिथे मात्र अडेल आणि ते मान्य करायचं.

मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक टेबलावर एक जाते. दोन दिवसांची रजा टाकून गावी जा, पहिल्या दिवशी बँक आणि तलाठी, दुसऱ्या दिवशी वहिनीला आणि पोरांना घेऊन सातारा. वहिनीला सगळीकडे सोबत न्या, पुढच्या वेळी तिला एकटीला जाता आलं पाहिजे. आणि पासबुकात ४३६ ची ओळ निघाली का, भांड्यांचं खोकं होतं का, एवढं मला कळवा.